स्वतःविषयी इतका विचार करूनही मन हलके का होत नाही?

आपण स्वतःला रोज तपासतो, स्वतःच्या चुका शोधतो, डायरीही लिहितो, तरी अस्वस्थता कमी होण्याऐवजी वाढतेच. मग हे आत्मपरीक्षण हाच आपला आजार आहे की काय, अशी शंका समुपदेशनासाठी येणारी अनेक माणसे बोलून दाखवतात. दापोली परिसरातील एक प्राथमिक शिक्षिका हीच शंका घेऊन माझ्याकडे आल्या होत्या. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) पती मुंबईला नोकरीला, घरी सासूबाई आणि शाळकरी मुलगा, आणि निजानीज झाल्यावर लिहून भरलेल्या डायरीच्या वह्यांचा गठ्ठा. "मॅडम, माझ्याइतका स्वतःचा विचार आमच्या शाळेत कोणी करत नसेल, आणि तरी माझंच मन सारखं घुसमटतं," असे त्या म्हणाल्या.

झोप, भूक, कामातील रस आणि जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार यांची विचारपूस मी प्रथम केली, कारण नैराश्य बळावलेले असेल तर नुसत्या आत्मपरीक्षणाच्या गप्पा निरुपयोगी ठरतात आणि मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवणे हेच कर्तव्य असते. त्यांच्या बाबतीत झोप उशिरा लागत होती. बाकी चिंताजनक असे काही आढळले नाही.

त्यानंतर मी एका प्रश्नावलीचा आधार घेतला. सिडनी येथील अँथनी ग्रँट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2002 मध्ये 20 विधानांची एक मापनी प्रसिद्ध केली. तिच्यातील 12 विधाने माणूस स्वतःच्या विचारभावनांकडे किती वळतो आणि त्याला तशी गरज किती वाटते हे मोजतात, तर उरलेली 8 विधाने त्या भावना त्याला कितपत स्पष्ट उमगतात हे मोजतात. या दोन गोष्टी एकच असाव्यात असे आपण सहज धरून चालतो. प्रत्यक्षात विद्यापीठातील विद्यार्थ्यांवरच्या त्या अभ्यासात स्वतःकडे अधिक वळणाऱ्यांमध्ये चिंता आणि ताण काहीसे अधिक आढळले, आणि ज्यांना स्वतःच्या भावना स्पष्ट उमगत होत्या त्यांच्यात नैराश्य, चिंता व ताण कमी आढळले. डायरी लिहिणाऱ्यांचे आत्मपरीक्षणाचे गुण न लिहिणाऱ्यांपेक्षा जास्त, पण उमज मात्र कमी निघाली. अर्थात, डायरीमुळे उमज घटते असा अर्थ यातून काढता येत नाही. गोंधळलेला माणूसच वहीकडे अधिक वळत असेल, हेही तितकेच संभवते.

बाईंचे गुण याच घडणीचे होते: आत्मपरीक्षणाचे जास्त, उमजेचे कमी. परदेशी विद्यार्थ्यांच्या सरासरीशी त्यांची तुलना करण्यात मला अर्थ वाटला नाही, शिवाय अशा मापनीवरून निदानही होत नाही. मला त्या दोन बेरजांमधील तफावत तेवढी हवी होती, आणि ती ठळक होती.

तफावतीचे कारण वह्यांनीच सांगितले. त्यांनी आपणहून वाचून दाखवलेल्या पानांवर "मी अशी का आहे", "मला कुणाचं काहीच कसं सहन होत नाही" असे स्वतःवरचे निवाडे होते, पण त्या दिवशी नेमके घडले काय, याची एक ओळही नव्हती. इंग्लंडमधील मानसशास्त्रज्ञ एडवर्ड वॉटकिन्स यांनी याच फरकावर बरेच काम केले आहे: स्वतःविषयी मोघम, मूल्यमापन करणारा विचार मनाला घोळवत ठेवतो, तर एखाद्या प्रसंगाचा ठोस, तपशीलवार विचार तुलनेने उपकारक ठरतो.

म्हणून मी लिहिणे बंद करायला सांगितले नाही. एकच प्रसंग घ्यावा, कोण काय बोलले, तेव्हा अंगात कुठे काय जाणवले आणि तोंडावर आलेले कोणते वाक्य गिळले एवढेच लिहावे, आणि पान संपले की वही मिटावी, असे ठरवले. पहिले काही दिवस त्यांना हे फार कोरडे वाटले. मग शनिवारच्या रात्रीच्या फोनची नोंद आली. गणपतीला यंदा भावकीतले चाकरमानी आपल्याकडेच उतरतील, असे पतीने सांगितले होते, आणि त्यांच्या छातीवर दडपण आले होते. आजवर त्या याला स्वतःचा आळस आणि कोतेपणा म्हणत आल्या होत्या. तपशील मांडल्यावर असे दिसले की कामाचा त्यांना कंटाळा नव्हताच, उकडीचे मोदक करण्यात तर त्यांचा हातखंडा होता. राग होता तो आपल्याला न विचारता सगळे ठरते याचा. गिळलेले वाक्यही तेच होते: "आधी मला विचारायचं होतंत."

ते वाक्य त्यांनी पुढच्या फोनवर उच्चारले. पती आधी चिडले, मग माणसे किती आणि कोणत्या दिवशी येणार याची बोलणी दोघांनी मिळून केली. सासूबाईंशी असे बोलणे त्यांना अद्याप जमलेले नाही, आणि त्यावर आमचे काम सुरू आहे.

मध्यंतरी त्यांच्या आग्रहावरून प्रश्नावली पुन्हा भरून घेतली. उमज दाखवणारे गुण वाढलेले होते, पण मला कोणते उत्तर आवडेल हे एव्हाना त्या चांगलेच ओळखत होत्या, म्हणून त्या आकड्यावर मी फारसा भर दिला नाही. रात्री अंथरुणाला पाठ टेकल्यावर आता बराच लवकर डोळा लागतो, ही त्यांनी जाता जाता सांगितलेली गोष्ट मला अधिक भरवशाची वाटली.