खोक्यावर व्हिएतनाम, कंपनी अमेरिकेची

प्रश्न : मुलीच्या अभियांत्रिकीच्या अभ्यासासाठी महात्मा गांधी रस्त्यावरील एका दुकानातून संगणक जुळवून घेतला. इंटेल ही अमेरिकी कंपनी असताना प्रोसेसरच्या खोक्यावर व्हिएतनामचे नाव आहे, तर तिच्या मैत्रिणीकडील त्याच मॉडेलवर मलेशियाचे. दोन्हींच्या दर्जात फरक असतो का? आमचा प्रोसेसर अस्सल आहे हे कसे ओळखावे?
– एक वाचक, सिडको, नाशिक

उत्तर : खोक्यावर ज्या देशाचे नाव असते, तेथे प्रोसेसरची अखेरची जोडणी झालेली असते, त्यातील सिलिकॉनची चिप बहुधा दुसऱ्याच देशात तयार झालेली असते. इंटेलच्या चिप मुख्यतः अमेरिकेतील ओरेगन व ॲरिझोना, आयर्लंडमधील लेक्सलिप आणि इस्रायलमधील किर्यात गात येथील कारखान्यांत ३०० मिलिमीटर व्यासाच्या वेफरवर, म्हणजे सिलिकॉनच्या पातळ चकतीवर, घडवल्या जातात, आणि अलीकडच्या काही मॉडेलांचे भाग तैवानच्या टीएसएमसीकडून करवून घेतले जातात. शेकडो टप्प्यांच्या या कामाला दोन-तीन महिने लागतात. त्यानंतर चिप पॅकेजिंग आणि चाचणीसाठी मलेशियातील पेनांग व कुलिम, व्हिएतनाममधील हो ची मिन्ह सिटी किंवा चीनमधील चेंगडू येथे जातात. पेनांगचा कारखाना १९७२ पासूनचा आहे, व्हिएतनामचा २०१० मध्ये सुरू झाला.

इंटेलची स्पर्धक असलेल्या एएमडी कंपनीच्या प्रोसेसरवर हा प्रवास अधिक स्पष्ट वाचता येतो. २०१९ च्या रायझन ३००० मालिकेतील अनेक प्रोसेसरांच्या धातूच्या झाकणावर अमेरिका, तैवान आणि चीन अशी तीन नावे आहेत, कारण गणना करणारी चिप तैवानची, बाहेरच्या भागांशी संपर्क ठेवणारी चिप अमेरिकेची आणि जोडणी चीनमधली.

पॅकेजिंग म्हणजे केवळ खोक्यात भरणे अशी समजूत सर्रास आढळते. ती या कामावर अन्याय करणारी आहे, असे मला वाटते. वेफरवरच एकेका चिपची विद्युत तपासणी होते, मग वेफर कापून निर्दोष चिप उपड्या करून सूक्ष्म डाखबिंदूंनी अनेक थरांच्या पट्टीवर बसवल्या जातात (या थरांमधील विद्युतरोधक फिल्म अजिनोमोटो ही जपानी कंपनी पुरवते), आणि उष्णता वाहून नेणारे झाकण चढते. पुढे वाढीव तापमानात व व्होल्टेजवर चालवून कच्चे प्रोसेसर गळाले की उरलेल्यांची वेगानुसार वर्गवारी होते. चित्रनिर्मितीचा भाग बंद ठेवलेले प्रोसेसर इंटेल नावाच्या शेवटी ‘एफ’ अक्षर लावून विकते. एकाच मॉडेलला सर्व केंद्रांत सारखेच निकष लागू असल्याने देशाच्या नावावरून दर्जा ठरवण्यात अर्थ नाही.

आपल्या देशातही याच टप्प्यावर मोठे काम उभे राहत आहे. गुजरातमधील साणंद येथे मायक्रॉनचा मेमरी चिपचा प्रकल्प आहे, आसाममधील जागीरोड येथे टाटांचा. अंबडच्या आपल्या वसाहतीत स्विचगिअर बनवणाऱ्या सीजी पॉवरच्या उपकंपनीनेही साणंदमध्येच पॅकेजिंग व चाचणीचे काम हाती घेतले आहे, ही नाशिककरांनी लक्षात घेण्याजोगी बाब आहे. वेफर घडवण्याचा टाटांचा प्रकल्प मात्र धोलेरा येथे आहे.

अस्सलपणासाठी खोक्याच्या लेबलवरील बॅच क्रमांक प्रोसेसरच्या झाकणावरील क्रमांकाशी जुळतो का, ते पाहावे. त्या क्रमांकातील पहिले अक्षर किंवा अंक जोडणीचे केंद्र, दुसरा अंक वर्ष आणि पुढचे दोन अंक आठवडा सांगतात. झाकणावर पंखा बसवलेला असल्याने तो काढायला लावण्यापेक्षा इंटेलच्या संकेतस्थळावर बॅच आणि अनुक्रमांक भरून वॉरंटी तपासणे सोयीचे. खोक्यातील प्रोसेसरला सहसा तीन वर्षांची वॉरंटी असते. खोक्याविना, ट्रेमधून सुटा आलेला प्रोसेसर असल्यास ती जबाबदारी विक्रेत्याची असल्याने पावतीवर तसे लिहून घ्यावे.