अ‍ॅपमध्ये एआयची चित्रे कुठवर वापरावीत?

प्रश्न : सांगलीच्या मार्केट यार्डातील हळदीचे रोजचे भाव शेतकऱ्यांना दाखवणारे अ‍ॅप मी तयार करत आहे. त्यातील चित्रे आणि चिन्हे एआयकडून करून घेतली तर चालतील का?
– एक वाचक, विश्रामबाग, सांगली

उत्तर : कच्च्या आराखड्यासाठी जरूर घ्यावीत. रंगसंगती कशी असावी, पहिल्या पडद्यावर शेत शोभेल की हळकुंडांची रास, हे ठरवताना मिडजर्नी किंवा अ‍ॅडोबी फायरफ्लाय यांसारखी साधने काही मिनिटांत अनेक पर्याय समोर ठेवतात आणि काम देणाऱ्याशी बोलणे सोपे होते.

चिन्हांचे तसे नाही. ही साधने बहुधा पिक्सेलची, म्हणजे बारीक ठिपक्यांनी बनलेली चित्रे देतात. ती लहान केली की बारकावे एकमेकांत मिसळतात, शिवाय एकाच संचातील दोन चिन्हांच्या रेषांची जाडी सहसा जुळत नाही. म्हणून आवडलेले चित्र समोर ठेवून चिन्ह व्हेक्टरमध्ये, म्हणजे कितीही लहान-मोठे केले तरी स्पष्ट राहणाऱ्या रेषांच्या स्वरूपात, स्वतः रेखाटावे. चित्रातच मराठी अक्षरे मागू नयेत, कारण वेलांट्या आणि जोडाक्षरे अनेकदा बिघडून येतात; मजकूर फाँट वापरून वेगळा बसवावा.

भावाशेजारी दिसणाऱ्या मालाच्या चित्राबाबत मात्र माझे मत ठाम आहे. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे, आणि तिथल्या राजापुरी जातीचे हळकुंड रोज हाताळणाऱ्या शेतकऱ्याला त्याजागी आल्यासारखा दिसणारा कंद दाखवला, तर तो शेजारच्या आकड्यावरही विश्वास ठेवणार नाही. तिथे यार्डात सौद्याच्या वेळी, अडत्यांची परवानगी घेऊन काढलेले खरे छायाचित्रच वापरावे.