वाचकांचे प्रश्न : वेलिणकरांची कबर

प्रश्न : पहिल्या महायुद्धात केंब्रिजला शिकलेला मुंबईचा एक विद्यार्थी लढाऊ वैमानिक झाला आणि युद्धातच बेपत्ता झाला, असे ऐकले. इंद्रलाल रॉय ठाऊक आहेत. पण हे कोण, आणि त्यांची काही खूण उरली आहे का?

उत्तर : आपण विचारता ते श्रीकृष्ण वेलिणकर. केंब्रिजच्या जीझस कॉलेजचे हे विद्यार्थी ब्रिटिश हवाई दलाच्या २३ क्रमांकाच्या स्क्वाड्रनमध्ये लेफ्टनंट होते आणि सॉपविथ डॉल्फिन हे एकआसनी विमान चालवीत. हिंदी तरुणाला वैमानिक म्हणून अधिकारपद मिळणे त्या काळी सोपे नव्हते; ऑक्सफर्डच्या हरदित सिंग मलिक यांनाही ते त्यांच्या प्राध्यापकाने रदबदली केल्यावरच मिळाले. मलिक युद्धातून जिवंत परतले. रॉय २२ जुलै १९१८ रोजी, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी पडले; पण तेरा दिवसांत दहा विमाने पाडल्यामुळे त्यांचे नाव टिकले. वेलिणकरांच्या वाट्याला असा आकडा आला नाही, आणि आपल्याकडे त्यांचा विसर पडला तो बहुधा म्हणूनच.

२७ जून १९१८ रोजी ते गस्तीवर गेले आणि परतले नाहीत. विमानात दुसरा माणूस नसे, ब्रिटिश वैमानिकांना पॅराशूट दिले जात नसे, आणि विमान शत्रूच्या हद्दीत कोसळले तर पुढे काय झाले हे शत्रूकडूनच कळायचे. त्यामुळे दप्तरात ‘बेपत्ता’ एवढाच शेरा पडे आणि घरचे लोक महिनोन्‌महिने आशा धरून बसत. वेलिणकर जखमी अवस्थेत जर्मनांच्या हाती लागले होते आणि ३० जूनला तेथेच वारले. जर्मनांनी त्यांना रीतसर पुरले, पण क्रुसावर आडनाव इतके चुकीचे लिहिले गेले की ही कबर कोणाची, याचा उलगडा युद्ध संपल्यावर, १९२१ मध्ये झाला. (आपल्याला सहज वाचता येणारे हे आडनाव परक्या कारकुनाला पेलले नसावे.)

आज ही कबर फ्रान्सच्या सोम भागात, हँगार्ड येथील युद्धस्मशानभूमीत आहे. तिची नोंद राष्ट्रकुल युद्धकबर आयोगाच्या संकेतस्थळावर कोणालाही पाहता येते. मात्र शोधताना आडनावाचे इंग्रजी स्पेलिंग ‘व्ही’ने नव्हे, ‘डब्ल्यू’ने सुरू करावे.