शिंपल्याला कोपरे किती?

प्रश्न: ताई, मी फोंड्याला इंजिनिअरिंग करतोय. आजोळच्या घरात शिंपल्यांची जनेलं (काचेऐवजी शिंपले बसवलेल्या खिडक्या) आहेत, त्यातले किती शिंपले फुटलेत ते फोटोवरून मोजायचंय म्हणून पायथनमध्ये ओपनसीव्ही (फोटोवर काम करणारी लायब्ररी) घेऊन बसलोय. कंटूर (आकाराच्या कडेची रेघ) मिळतात पण ती रेघ मोजक्या कोपऱ्यांची करणारं अप्रॉक्सपॉलीडीपी चालवलं की चांगल्या चौकोनी शिंपल्यालापण कुठे ९ कोपरे येतात, कुठे १४. एप्सिलॉन, म्हणजे मूळ कडेपासून किती हललं तर चालेल तो आकडा, २ ठेवलाय. काय चुकतंय?

उत्तर: अरे, तो २ म्हणजे २ पिक्सेल! फोटो जवळून काढलास की शिंपला मोठा दिसतो, कडेचा खडबडीतपणापण मोठा होतो, मग २ कुठे पुरणार. आत चालतं ते १९७३ मधलं डग्लस-प्यूकर अल्गोरिदम, दोन टोकांमध्ये सरळ रेघ मारायची आणि तिच्यापासून सगळ्यात लांबचा बिंदू एप्सिलॉनपेक्षा जास्त लांब असला तरच ठेवायचा, मग त्या दोन्ही तुकड्यांवर परत तेच. म्हणून एप्सिलॉन परिघावरून काढ, आर्कलेंथ (परिघ मोजणारं फंक्शन) गुणिले ०.०२, आणि आर्कलेंथ, अप्रॉक्सपॉलीडीपी दोन्हीकडे क्लोज्ड ट्रू दे, म्हणजे कड बंद आहे हे कळतं. समज शिंपला १०० बाय ६० पिक्सेल आहे, परिघ ३२०, एप्सिलॉन आला ६.४. बारीक दातरे गेले, चार कोपरे राहिले.

पण चार येईपर्यंत आकडा वाढवत बसू नकोस हां, इथेच बरेच जण फसतात. त्याच शिंपल्याचा कोपरा दोन्ही बाजूंनी १२-१२ पिक्सेल उडालेला असेल तर ०.०२ ला ५ कोपरे येतील, म्हणजे फुटका सापडला. ०.०५ केलंस की एप्सिलॉन १६ आणि फुटका शिंपलापण चार कोपऱ्यांचा होऊन धडधाकट दिसणार. तुला तर फुटकेच शोधायचेत ना! दोनतीन फुटके आधी स्वतः बघून ठेव आणि आकडा त्यांच्यावर तपास.

आणि फोटो दिवसा बाहेरून काढला असशील तर तो आधी बदल. रात्री खोलीत दिवा लावून अंगणातून काढ, शिंपल्यातून उजेड झिरपतो आणि लाकडी चौकट काळी पडते, कंटूर शोधणाऱ्या फाइंडकंटूर्सला काळ्यावर पांढरं असंच हवं असतं, थ्रेशोल्डचा (फोटो काळा-पांढरा करायचा) अर्धा त्रास तिथेच गेला. जाळीजळमटं तेवढी आधी झाडून घे.

मधोमध गेलेली बारीक भेग मात्र बाहेरच्या कंटूरमध्ये दिसायची नाही, आउटलाइन तीच राहते. तेवढे शिंपले स्टुलावर चढून डोळ्यांनीच बघ.