वीस नंबर माझा आहे

"तिकीट कन्फर्म असतं, तरी माझ्या जागेवर बसलेल्याला 'उठा' म्हणायला तोंड उघडत नाही. माझंच काही चुकतंय का?" समुपदेशनाच्या खोलीत हा प्रश्न वरचेवर येतो, पण सरळ असा क्वचितच. प्रवासाच्या आदल्या रात्री झोप न लागणं, छातीत धडधडणं, 'या वेळी नकोच जायला' असं म्हणणं, या वाटांनी तो येतो. सांगलीच्या विश्रामबागेतल्या एक बाई अशाच आल्या. ओळख कळू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

वय ५६, दोन्ही गुडघ्यांची झीज. मुलगा आणि सून कल्याणला, दोघंही नोकरीवर, म्हणून नातवाला सांभाळायला महिन्यातले आठ-दहा दिवस यांचा मुक्काम तिकडे. जाता-येता रात्रीची महालक्ष्मी एक्सप्रेस. सलग दोन महिने त्यांनी निघायच्या दिवशी तिकीट रद्द करायला लावलं. घरच्यांनी अर्थ काढला की सुनेशी बिनसलंय. सुनेनेही तोच काढला, आणि बोलणं तुटायची वेळ आली.

पहिल्या भेटीत सुनेचा विषय काढलाच नाही. शेवटचे दोन प्रवास त्यांनी फलाटावर पाय ठेवल्यापासून मिनिटामिनिटाने सांगायचे, एवढंच ठरलं. 'भीती वाटते' या दोन शब्दांत काहीच हाती लागत नाही. कोण कुठे बसलं होतं, तुम्ही उभ्या कुठे होतात, पहिलं वाक्य कोण बोललं, हे विचारलं की गाठ नेमकी कुठे आहे ते दिसतं.

जातानाचा प्रवास असा झाला. स्लीपरचा डबा, २० नंबर, लोअर बर्थ. बाई आत शिरल्या तेव्हा विसावर एक आजी आडव्या झालेल्या, उशाशी त्यांचा मुलगा. तो म्हणाला, "मावशी, आईला वर चढवत नाही. तुम्ही मिडल घ्या की, एका रात्रीचा तर प्रश्न." बाई "बरं" म्हणाल्या. मिडलवर त्यांनाही चढवत नव्हतं, पण ते त्या बोलल्या नाहीत. आजींच्या पायथ्याशी अंग चोरून बसून कल्याण गाठलं. गुडघा सुजला, तो चार दिवस उतरला नाही. सुनेला सांगितलं, "काही नाही, चालताना मुरगळला."

येतानाचा प्रवास उलटा. कल्याणला चढल्या, रात्रीचे दहा वाजायचे होते. त्यांच्या लोअर बर्थवर कॉलेजातला एक मुलगा डबा खात बसला होता. जातानाच्या रात्रीचा सगळा राग त्याच्यावर निघाला. "तिकीट काढायला पैसे नाहीत का? आईबापांनी काही शिकवलं नाही का?" मुलाने मोबाइल पुढे केला. त्याच कप्प्यातला अप्पर बर्थ त्याचा होता. आजूबाजूची माणसं त्याच्या बाजूने बोलली. बाईंनी पुढची तिकिटं रद्द केली, त्याचं मूळ या रात्रीत होतं. गुडघ्याचं दुखणं त्यांनी सोसलं असतं, पण चारचौघांत चूक ठरणं सोसलं नाही.

पहिल्या प्रवासात गिळलेलं दुसऱ्या प्रवासात भलत्याच माणसावर निघालं. अशा अशिलांना 'धीट व्हा' असं सांगण्याचा काही उपयोग होत नाही. आधी नियम पक्के करावे लागतात. आपण बरोबर आहोत की नाही याचीच खात्री नसेल, तर आवाज एक तर बसतो किंवा फाटतो.

म्हणून दुसरी भेट पूर्ण नियमांत गेली. स्लीपरच्या एका कप्प्यात आठ बर्थ असतात. आपल्या नंबराला आठने भागायचं. बाकी १ किंवा ४ उरली तर लोअर, २ किंवा ५ तर मिडल, ३ किंवा ६ तर अप्पर, ७ उरली तर साइड लोअर, आणि पूर्ण भाग गेला तर साइड अप्पर. थ्री एसीलाही सहसा हाच हिशोब चालतो. विसाला आठने भागलं की बाकी चार, म्हणजे लोअर. झोपायची वेळ रात्री १० ते सकाळी ६. पूर्वी ती ९ पासून होती, २०१७ मध्ये रेल्वेने १० केली. या वेळेत लोअर बर्थ पूर्णपणे ज्याच्या नावावर त्याचा. इतर वेळी मात्र ती तिघांच्या बसायची जागा आहे: लोअर, मिडल आणि अप्परवाल्यांची. साइड अप्परवाल्यालाही दिवसा साइड लोअरवर बसता येतं, रात्री १० नंतर नाही. मिडलवाल्याने १० च्या आधी बर्थ उघडून खालच्यांना मान वाकवून बसायला लावायचं नाही, आणि १० नंतर त्याने उघडला तर खालच्याने अडवायचं नाही. आजारी, दिव्यांग किंवा गरोदर प्रवाशाला झोपायचं असेल, तर वेळेच्या बाबतीत बाकीच्यांनी सांभाळून घ्यावं, असं रेल्वेच्याच सूचनेत आहे. साइड लोअरवर आरएसीचे, म्हणजे एकच बर्थ बसण्यापुरता वाटून मिळालेले, दोघं असतील तर ते हक्काने बसलेले असतात, त्यांना उठवता येत नाही.

हे ऐकून बाई बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "म्हणजे तो पोरगा बरोबर होता." होता. ते कबूल झाल्यावर त्यांच्या बोलण्यातला ताण बराच उतरला, कारण आता त्या रात्रीची लाज कुठल्या गोष्टीची आहे हे ठरलं: जागा मागितल्याची नव्हे, तर वेळ न बघता आणि न विचारता बोलल्याची.

दुसऱ्या बाजूचंही पक्कं करून घेतलं. वेटिंगचं तिकीट काउंटरवरून काढलेलं असलं, तरी त्यावर रिझर्व्ह डब्यात बसता येत नाही. ऑनलाइन काढलेलं तिकीट चार्ट लागल्यावरही पूर्ण वेटिंगवरच राहिलं, तर ते आपोआप रद्द होतं. दुसऱ्याच्या नावावरची जागा अडवून बसणाऱ्याला डब्यातून उतरवता येतं आणि १९८९ च्या रेल्वे कायद्याच्या कलम १५५ खाली ५०० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. मात्र हे कलम तोंडावर आणायचं नाही, असं बाईंना बजावलं. कायदा काढला की समोरचा जागेचं सोडून स्वतःच्या मानाचं बघायला लागतो, आणि मग उठणं म्हणजे त्याला हार वाटते.

तिकीट काढण्यातही एक चूक सापडली. ४५ वर्षांवरच्या बायकांना आणि ज्येष्ठांना लोअर बर्थचा वेगळा कोटा आहे. एकट्याने किंवा दोघांनी प्रवास असेल तर तो निवडता येतो. मुलगा घाईत आईचं तिकीट साध्या कोट्यातून काढायचा. लोअर मिळाला तर नशीब, असा कारभार. ऑनलाइन तिकीट काढताना 'किमान एक लोअर बर्थ मिळाला तरच बुक करा' असाही पर्याय असतो. दुसरी गोष्ट चढण्याची. सांगलीला गाडी थोडा वेळ थांबते. मिळेल त्या डब्यात शिरून सामानासकट आतून चालत जागेपर्यंत पोचायचं म्हटलं, तर तिथवर दम लागलेला असतो, आणि दम लागलेला माणूस मागणी नीट करू शकत नाही. डबा फलाटावर कुठे येतो ते आधी विचारून तिथेच उभं राहायचं. किंवा मिरजेला चढायचं, तिथे गाडी जास्त थांबते. मात्र मिरज सांगलीच्या आधी येतं, म्हणून तिकीटच मिरजेपासून काढायला हवं.

तिसऱ्या भेटीत बोलण्याचा सराव. तीन खुर्च्या ओळीने मांडल्या, मधलीवर एक सहकारी बसली. बाईंना सांगितलं, तुमची जागा मागा. त्यांचं पहिलं वाक्य: "सॉरी हं, मी इथे बसू का? माझे ना गुडघे जरा…" एवढ्यात तीन गोष्टी निसटल्या. माफी मागितली, म्हणजे चूक आपली झाली. 'बसू का' विचारलं, म्हणजे 'नको' म्हणायची मुभा दिली. गुडघ्याचं कारण सांगितलं, म्हणजे समोरच्याला वादाला विषय मिळाला. "माझेही दुखतात," असं तो म्हणणारच. जागा नंबरावर मिळालेली आहे, गुडघ्यावर नाही.

म्हणून वाक्य असं ठरलं: "वीस नंबर माझा आहे. जरा उठता का, सामान लावते." आधी नंबर, मग विनंती, मग लगेच करायचं काम. आवाज नेहमीचा. बोलताना जागेच्या समोर उभं राहायचं, बाजूला किंवा मागे नाही. वाक्य संपलं की गप्प. हा गप्प बसण्याचा भाग सगळ्यात अवघड गेला. चार सेकंदही रिकामे गेले की बाई स्वतःच म्हणायच्या, "असू दे, असू दे." म्हणून मनात पाच आकडे मोजायचे आणि श्वास सोडताना घेण्यापेक्षा लांब सोडायचा, असं ठरवून पंधरा-वीस वेळा केलं. समोरचा हलला नाही तर तेच वाक्य पुन्हा, शब्द न बदलता. तरीही नाही तर, "तुमचा नंबर किती?"

हा तिसरा प्रश्न महत्त्वाचा आहे. बऱ्याचदा समोरच्याची खरोखर चूक झालेली असते. एस ४ ऐवजी एस ५ मध्ये शिरलेला असतो किंवा तारखेत घोटाळा झालेला असतो. मध्यरात्रीनंतर येणाऱ्या गाडीला हे नेहमी होतं. माणूस निघतो सोमवारी रात्री जेवून, पण साताऱ्याला गाडी येईपर्यंत मंगळवार लागलेला असतो, आणि तिकीट त्याने सोमवारचं काढलेलं असतं. अशा माणसाला आवाज चढवून काय मिळणार? त्याला टीसीकडे पाठवायला हवं. आणि कोणी हटून बसलाच, तर आपण टीसीला गाठायचं. तो दोन-तीन डबे बघत असतो, लगेच येईलच असं नाही. तोवर १३९ वर फोन किंवा रेल मदद ॲपवर तक्रार. पीएनआर, डबा आणि बर्थ नंबर एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहून पर्सच्या बाहेरच्या कप्प्यात ठेवायचा. गर्दीत चष्मा शोधत मोबाइल चाळायची वेळ येऊ नये.

हे सगळं पहिल्या दोन मिनिटांत करायचं. समोरच्याने चादर अंथरली, पोराला निजवलं, डबा सोडला, की पुढच्या प्रत्येक मिनिटाला मागणं जड होत जातं. बाई दर वेळी 'थोडं थांबून सांगू' म्हणून थांबत होत्या.

राहिल्या त्या आजी. बाईंचा खरा अडसर तोच होता: "म्हाताऱ्या माणसाला उठवायचं? पाप लागेल." इथे समुपदेशकाने 'उठवा' असा निर्णय देऊ नये. देणं चांगलंच आहे, पण घरून निघतानाच ठरवून ठेवायला हवं की आपण काय देऊ शकतो. बाईंनी वहीत लिहिलं. दिवसा कुणालाही बसायला जागा देईन. लेकुरवाळीला रात्रीही पायथ्याशी बसू देईन, पण स्टेशन ठरवून: "कराडपर्यंत बसा, मग मला आडवं व्हायचंय." लोअरच्या बदल्यात लोअर किंवा साइड लोअरच घेईन. मिडल-अप्पर घेणार नाही, कारण चढता येत नाही. अदलाबदल करायची तर आधी समोरच्याचा नंबर विचारायचा, आठने भागायचं, त्या जागेवर स्वतः जाऊन बघायचं आणि टीसीला सांगायचं, कारण चार्टावर जुनीच नावं असतात. आजींच्या मुलाला वाक्य तयार केलं: "आईंना लोअर हवाय हे पटतंय. मलाही वर चढता येत नाही. टीसी आला की आपण दोघं मिळून विचारू." गुडघ्याचं कारण इथे चालतं, कारण इथे जागा मागायची नसून नकार द्यायचा आहे, आणि तो वय झालेल्या माणसाला द्यायचा आहे.

मग पायऱ्या. भीतीला शून्य ते दहा गुण द्यायचे आणि कमी गुणांपासून सुरुवात करायची. सांगली स्टेशनवर जाऊन अनोळखी माणसाला डबा कुठे येतो ते विचारणं, ३ गुण. दिवसाच्या गाडीने रिझर्व्हेशन काढून साताऱ्यापर्यंत जाऊन येणं आणि जागेवर कुणी असेल तर वाक्य म्हणणं, ६. रात्रीची गाडी एकटीने, ९. दिवाळी, मे महिना, आषाढी असे गर्दीचे दिवस पहिल्या फेरीला टाळले. साताऱ्याच्या फेरीत जाताना त्यांच्या जागेवर बसलेला माणूस नंबर ऐकताच "बसा बसा" म्हणत उठला, आणि बाईंना जरा निराशाच वाटली, इतकी तयारी करून गेल्या होत्या. येताना एकाने "सरका की जरा, चौघं बसू" म्हटलं. त्या सरकल्या, पण रहिमतपूरपर्यंतच, आणि तसं सांगून.

सहाव्या भेटीआधी त्यांनी कल्याणचा प्रवास केला. लोअर कोट्यातलं तिकीट, २३ नंबर. वहीतली त्या रात्रीची नोंद अशी: "साइड लोअर. एक बाई बाळ घेऊन बसली होती. नंबर सांगितला. पाच मोजले. ती उठली नाही, मी परत तेच म्हटलं. मग म्हणाली वेटिंग आहे. कराडपर्यंत बसू दिलं. कराडला तिने स्वतःच बाळ उचललं. भीती आधी ८, नंतर ३. गुडघा ठीक. १३९ ची गरज पडली नाही. सुनेला सकाळी मागच्या वेळच्या आजींचं सगळं सांगितलं."