गाडीच्या रिमोट किल्लीचा सेल घरी बदलला तर कोडिंग जातं का?

नाही, जात नाही. सेल काढला की किल्ली पुन्हा प्रोग्राम करावी लागते, असं तुम्हाला सर्व्हिस सेंटरमध्ये सांगितलं. पण किल्लीची ओळख चिपच्या कायमच्या मेमरीत असते आणि बहुतेक गाड्यांत सेल काढल्याने ती पुसली जात नाही. एखाद्या मॉडेलला वेगळं काही करावं लागत असेल तर ते गाडीच्या मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं, तेवढं पान वाचून घ्या आणि घरीच बदला. आमच्या ठाण्यातल्या सोसायटीत शेजाऱ्यांच्या किल्ल्यांचे सेल मीच बदलून देतो.

आधी किल्ली उघडा, सेलवरचा आकडा वाचा आणि मगच दुकानात जा. सीआर २०३२ म्हणजे व्यास २० मिलिमीटर, जाडी ३.२ मिलिमीटर. दुकानदार म्हणेल, "२०२५ घ्या, व्होल्ट सारखेच." व्होल्ट सारखेच आहेत, दोन्ही ३ व्होल्टचे, पण २०२५ ची जाडी २.५ मिलिमीटर, त्यामुळे पत्र्याच्या पट्टीला तो नीट टेकत नाही आणि रिमोट कधी चालतो, कधी नाही. तुमच्या कोपरखैरण्याहून वाशी काही लांब नाही, तिथे घड्याळाच्या कुठल्याही बऱ्या दुकानात मिळेल. सीलबंद पाकिटातलाच घ्या.

स्मार्ट की, म्हणजे खिशात ठेवून बटणाने गाडी सुरू करायची किल्ली, असेल तर आधी आतली लोखंडी किल्ली ओढून काढा. त्या खाचेत कापड गुंडाळलेला चपटा स्क्रूड्रायव्हर घालून हलकेच फिरवा, उचकटू नका. सेल कोणत्या बाजूने बसलाय त्याचा मोबाइलवर फोटो घ्या. कडेची रबरी पट्टी होती तशीच बसवा, नाहीतर पहिल्याच पावसात आत पाणी शिरेल. काही जुन्या किल्ल्यांत इमोबिलायझरची (चोरी रोखण्यासाठी इंजिन अडवणाऱ्या यंत्रणेची) बारीक चिप सुटीच ठेवलेली असते. ती पडून हरवली तर दार उघडेल पण इंजिन सुरू होणार नाही, म्हणून हे काम टेबलावर टॉवेल पसरून करा.

सेल पूर्ण उतरला आणि तुम्ही बेसमेंट पार्किंगमध्ये अडकलात तरी घाबरू नका. लोखंडी किल्लीने दार उघडा. अलार्म वाजू शकतो, गाडी सुरू झाली की थांबतो. मग किल्ली स्टार्ट बटणाला टेकवून बटण दाबा. चिपला लागणारी वीज तिथल्या कॉइलमधून मिळते, सेलची गरज पडत नाही. काही गाड्यांत ही जागा बटणापाशी नसून दुसरीकडे असते, ती मॅन्युअलमध्ये आजच बघून ठेवा.

आता जे तुम्ही विचारलं नाही, पण मला सांगायलाच हवं. घरात लहान मूल असेल तर जुना सेल क्षणभरही टेबलावर सोडू नका. मुलाने तो गिळला आणि अन्ननलिकेत अडकला तर लाळेतून वीज वाहून तिथे तीव्र अल्कली तयार होते आणि दोन तासांत गंभीर भाजू शकतं. किल्लीला न चालणाऱ्या सेलमध्येही त्यासाठी पुरेशी वीज उरलेली असते. मूल सुरुवातीला अगदी ठीक दिसू शकतं, नुसती लाळ गळते किंवा ते जेवत नाही. नुसती शंका आली तरी उलटी करायला लावू नका, थेट एक्स-रेची सोय असलेल्या मोठ्या हॉस्पिटलात न्या आणि "बटण सेल गिळलाय" हेच शब्द सांगा, कारण एक्स-रेत तो नाण्यासारखा दिसू शकतो.

जुन्या सेलला दोन्ही बाजूंनी चिकटपट्टी लावून ई-कचऱ्यात द्या. आणि कपाटातल्या दुसऱ्या किल्लीचाही सेल याच वेळी बदला; वापरली नाही तरी स्मार्ट की गाडीचा सिग्नल ऐकत असते, तिचाही सेल उतरतो.