वाचनालयाच्या पश्चिमेच्या काचांपुढे छिद्रांचा पत्रा लावावा का?

प्रश्न थोडक्यात असा: विदर्भातल्या तुमच्या गावात नगरपरिषद नवं वाचनालय बांधतेय. रस्त्याकडची बाजू पश्चिमेची. तिथे मोठ्या काचा आहेत आणि त्यांच्यापुढे आर्किटेक्टने छिद्रं पाडलेला अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा दाखवलाय. काही नगरसेवकांना हा नुसता दिखावा वाटतो. आतून जाड पडदे लावले तरी भागेल, असं त्यांचं म्हणणं. बरोबर कोण?

आर्किटेक्ट. इमारतींच्या बाहेरच्या आवरणाची ड्रॉइंग काढणं हाच माझा रोजचा धंदा आहे, त्यामुळे जरा सविस्तर सांगतो. पडद्याला विरोध एका साध्या कारणासाठी आहे. पडदा आतून असतो, म्हणजे ऊन काचेतून आत आल्यावर त्याच्यावर पडतं. पडदा तापतो आणि ती उष्णता खोलीतच राहते, कारण काच ऊन आत सोडते पण तापलेल्या कापडाची धग बाहेर जाऊ देत नाही. पत्रा काचेच्या बाहेर असतो. तोही तापतो, पण त्याच्यामागची हवा गरम होऊन वर चढते आणि वरच्या बाजूने निघून जाते. म्हणूनच पत्र्याइतकीच पत्र्यामागची पोकळी महत्त्वाची. ती खाली-वर उघडी हवी. शोभेसाठी कोणी ती वरून झाकून टाकली, तर काचेसमोर एक तापलेली पेटी तयार होते आणि पैसे खरंच वाया जातात.

छज्जा का नाही, हाही प्रश्न सभेत निघेल. दक्षिणेला छज्जा उत्तम काम करतो, कारण तिकडचा सूर्य दुपारी उंच असतो. पश्चिमेला दुपारी चारनंतर ऊन छज्ज्याखालून सरळ टेबलापर्यंत येतं. तिथे उभं काहीतरी लागतंच.

आता छिद्रांचं गणित. आपल्याकडे सर्रास मिळणारी रचना म्हणजे ५ मिमीची गोल छिद्रं, एका केंद्रापासून दुसऱ्यापर्यंत ८ मिमी, ओळी एकाआड एक सरकवलेल्या. यात पत्र्याचा साधारण ३५ टक्के भाग मोकळा राहतो. पण हे ३५ टक्के समोरून पाहणाऱ्या डोळ्यासाठी. ४५ अंशांवरून येणाऱ्या उन्हाला पत्र्याची जाडी आडवी येते. पत्रा ३ मिमी जाड असेल, तर त्या कोनातलं थेट ऊन जेमतेम १० टक्के आत येतं. तीच छिद्रं १ मिमीच्या पत्र्यात पाडली तर २६ टक्के येतं! वाचणाऱ्याला समोरचं झाड तेवढंच दिसतं, ऊन मात्र अडीचपट. जुन्या दगडी जाळ्या इतक्या गार का वाटतात, याचं निम्मं उत्तर इथेच आहे: त्यांची भोकं खोल असतात. संध्याकाळी सूर्य २० अंशांवर उतरला की ३ मिमीच्या पत्र्यातूनही पाव ऊन आत येतं, हे धरून चाला. पण पैसे वाचवायला पहिली कात्री पत्र्याच्या जाडीलाच लागते, आणि ती लागू देऊ नका. अ‍ॅल्युमिनियम ३ मिमीचं घेतलं तरी छिद्रं पाडल्यावर वजन चौरस मीटरला ५ किलोच्या आसपास भरतं. सांगाड्याला ते काहीच नाही.

वाचनालय आहे म्हणून आणखी एक गोष्ट, आणि ती मला फार आवडते. प्रत्येक छिद्रातून येणारा प्रकाश म्हणजे सूर्याचं एक लहानसं चित्र असतं, आणि दर मीटर अंतराला ते साधारण ९ मिमीने पसरतं. म्हणजे ५ मिमीच्या छिद्राचा ठिपका मीटरभर आत १४ मिमीचा होतो. छिद्रं ८ मिमीवर असल्याने शेजारचे ठिपके एकमेकांवर चढतात आणि पुस्तकावर सलग, मऊ उजेड पडतो. ५० मिमीची मोठी, लांब-लांब छिद्रं पाडली, तर पानावर उन्हाचे चट्टे पडतील आणि वाचणारा खुर्ची सरकवत बसेल. अशी छिद्रं जिन्याला, व्हरांड्याला शोभतात. वाचायच्या दालनापुढे बारीकच हवीत. पत्र्याची आतली बाजू गडद रंगाची ठेवा. पांढरी असेल तर ती स्वतःच चमकते आणि बाहेरचं दिसणं कमी होतं.

हा काही नवा, न तपासलेला प्रकार नाही. न्यूयॉर्कमध्ये कूपर युनियन या संस्थेची २००९ साली झालेली इमारत आहे, मॉर्फोसिस या आर्किटेक्ट कंपनीने रचलेली. तिथे काचेच्या भिंतीपुढे अंतर सोडून छिद्रांच्या स्टेनलेस स्टीलचं आवरण आहे, आणि त्यातले काही भाग उघडतात-मिटतात. याच मंडळींनी सॅन फ्रान्सिस्कोच्या फेडरल बिल्डिंगलाही (२००७) उन्हाच्या बाजूने असंच बाहेरचं आवरण दिलं. त्याच शहरातलं द यंग संग्रहालय मला याहून महत्त्वाचं वाटतं. १९८९च्या भूकंपात जुनी इमारत खिळखिळी झाली, आणि २००५मध्ये हेरझोग आणि द म्यूरों या आर्किटेक्ट जोडीची नवी इमारत उघडली, सगळी तांब्याने मढवलेली. बागेतल्या झाडांमधून झिरपणाऱ्या उजेडाच्या छायाचित्रांवरून छिद्रं आणि खोलगट ठसे ठरवले गेले, आणि ७,००० हून जास्त तांब्याचे तुकडे त्या नक्षीप्रमाणे झाहनर या कारखान्याने घडवले. पंचिंग मशीन संगणकावर चालायला लागल्यामुळेच हे परवडलं. पूर्वी एक डाय (छिद्रं पाडायचा साचा) म्हणजे एकच नक्षी. आता तुमच्या वाचनालयालाही वरच्या मजल्यावर बारीक आणि दारापाशी मोकळी, अशी वेगवेगळी छिद्रं मागता येतात.

नक्षीचं काय, असंही तुम्ही विचारलंय. वॉशिंग्टनमधलं आफ्रिकन अमेरिकन इतिहासाचं राष्ट्रीय संग्रहालय (२०१६) बघा. तिथलं आवरण ओतीव अ‍ॅल्युमिनियमचं आहे, पत्र्याचं नाही, पण विचार घेण्यासारखा आहे. अमेरिकेच्या दक्षिणेत गुलाम म्हणून राबवलेल्या कारागिरांनी घडवलेल्या लोखंडी जाळीकामावरून ती नक्षी घेतलीय, आणि कुठे किती ऊन हवं त्याप्रमाणे ती दाट-विरळ केलीय. आठवण आणि ऊन, दोन्ही एकाच नक्षीत सांभाळलंय. गावच्या वाचनालयावर थोर माणसांचे चेहरे छिद्रांनी काढायचा मोह होईल. माझा सल्ला: चेहरा उमटवायला दाट-विरळ छिद्रं चेहऱ्याच्या सोयीने पाडावी लागतात, वाचणाऱ्याच्या नाही. ते प्रवेशद्वाराच्या भिंतीवर करा, दालनापुढे नको.

आता जिथे कामं बिघडतात ते. पहिला शत्रू कबूतर. पोकळीत ती एकदा वसली की खिडकी उघडणं अशक्य होतं. खाली-वर हवा जाईल पण कबूतर जाणार नाही अशी जाळी पहिल्या दिवसापासून हवी. दुसरी धूळ. पोकळी किमान दोन-अडीच फूट ठेवून आत माणूस चालेल असा जाळीचा मार्ग द्या, नाहीतर काचा कोणी पुसणार नाही. तिसरं, पत्रा पाऊस थांबवत नाही. मागच्या खिडक्यांचं वॉटरप्रूफिंग पत्रा नाहीच असं समजून करा.

अ‍ॅल्युमिनियम तापून वाढतं: ३ मीटरची पट्टी हिवाळ्यातल्या पहाटेपासून मेमधल्या दुपारपर्यंत ४ मिमीच्या आसपास लांबते. बोल्टची भोकं लांबट नसतील तर पत्र्याला पोट येतं. लोखंडी सांगाडा आणि अ‍ॅल्युमिनियम यांच्यामध्ये नायलॉनचे वॉशर हवेत, नाहीतर दमट दिवसांत सांध्यापाशी अ‍ॅल्युमिनियम खाल्लं जातं. (कोकणात किंवा गोव्यात कोणी हे वाचत असेल तर: समुद्राजवळ स्टेनलेस स्टील घ्यायचं असल्यास ३१६ प्रतीचं घ्या, ३०४ प्रतीवर तपकिरी डाग पडतात.) स्वस्त म्हणून जीआय, म्हणजे जस्त चढवलेला लोखंडी पत्रा सुचवला जाईल. आधीच जस्त चढवलेल्या पत्र्याला छिद्रं पाडली की प्रत्येक छिद्राची कड उघडी पडते आणि गंज तिथूनच सुरू होतो.

वाऱ्याचा हिशेब ‘छिद्रं आहेत, वारा निघून जाईल’ एवढ्यावर सोडू नका. आयएस ८७५च्या भाग ३प्रमाणे (इमारतींवरच्या वाऱ्याच्या भाराचं भारतीय मानक) स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून लेखी घ्या. अग्निशमनाच्या शिडीवरून आत शिरता यावं म्हणून काही पत्रे बिजागरीवर उघडणारे ठेवा आणि ते बाहेरून ओळखू येतील असे रंगवा.

सभेत बसण्याआधी आर्किटेक्टला म्हणा, खऱ्या जाडीचा, खऱ्या छिद्रांचा एक मीटर रुंद आणि दोन मीटर उंच नमुना साईटवर पश्चिमेला उभा करा. त्याच्यामागे टेबल ठेवून, पुस्तक उघडून नगरसेवकांना दुपारी चार वाजता बसवा. मग अंधार पडल्यावर आत दिवे लावून रस्त्यावरून बघा: दिवसा बंद दिसणारा पत्रा रात्री आरपार दिसतो. वाचनालयाला ते चांगलंच, पण स्वच्छतागृहाची खिडकी त्याच बाजूला असेल तर तिची जागा आत्ताच बदलून घ्या. टेंडरमध्ये जाडी, छिद्राचा व्यास, केंद्रांतलं अंतर, कडेची कोरी पट्टी आणि ‘बर (छिद्राच्या कडेची धारदार कोर) काढलेली गुळगुळीत बाजू बाहेर’ हे पाचही शब्दशः लिहा. नुसतं ‘डेकोरेटिव्ह जाळी’ लिहिलं, तर येईल तो पत्रा स्वीकारावा लागेल.